पैसे देण्याआधीची तपासणी: काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने

गुंतवणुकीच्या योजनेत पैसे बुडाले की लोक त्या माणसाला लोभी ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. बुडालेल्या बहुतेकांनी पैसे देण्याआधी काही ना काही चौकशी केलेली असते. ऑफिस पाहिलेले असते, नोंदणीचा दाखला वाचलेला असतो, शेजाऱ्याला विचारलेले असते, थोडी रक्कम टाकून दोन-तीन महिने वाटही पाहिलेली असते. चुकतो तो चौकशीचा क्रम. ‘अमक्याला पैसे मिळाले का?’ हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारला जातो, आणि ‘हो, मिळाले’ असे उत्तर आले की बाकीचे प्रश्न मागेच राहतात. हे उत्तर ‘हो’ यावे याची सोय तर फसवणाऱ्याने सुरुवातीलाच करून ठेवलेली असते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. एखाद्या टप्प्यावर समाधान झाले नाही तर तिथेच थांबा. पुढच्या टप्प्यावर सगळे चांगले दिसले म्हणून मागची उणीव भरून निघत नाही.

## तयारी

पैसे देण्याआधी निदान आठ दिवस हातात ठेवा. ‘ऑफर रविवारपर्यंतच आहे’, ‘पंधरा तारखेनंतर टक्का कमी होणार’ असे सांगितले जात असेल तर हे आठ दिवस जास्तच गरजेचे आहेत.

या दिवसांत योजनेचे माहितीपत्रक, भरायचा अर्ज, कराराचा कोरा नमुना, ज्या खात्यात पैसे भरायचे त्याचा पूर्ण तपशील आणि संस्थेचा नोंदणी क्रमांक मिळवा. सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर मागा, म्हणजे तारखेसकट पुरावा राहतो. ‘ऑफिसला या, तिथे दाखवतो, फोटो काढता येणार नाही’ असे उत्तर आले तर पुढचे टप्पे करायची गरजच नाही.

सल्ला कोणाला विचारायचा हेही आधी ठरवा. योजनेतून ज्याला कमिशन मिळते तो साक्षीदार होऊ शकत नाही, मग तो सख्खा मामा का असेना. मामा खोटे बोलतो असे नाही. त्याला स्वतःलाच सगळे खरे वाटत असते, म्हणून तर तो इतक्या तळमळीने सांगतो. पश्चिम बंगालमधली, लोकांकडून पैसे गोळा करणारी शारदा कंपनी एप्रिल २०१३ मध्ये कोसळली तेव्हा लोकांचा राग गावातल्या ओळखीच्या एजंटांवर निघाला, आणि त्यांतल्या अनेकांचे स्वतःचे पैसेही तिथेच अडकलेले होते. विचारायचेच असेल तर ज्याला या व्यवहारात एक रुपयाही मिळणार नाही अशा माणसाला विचारा: गावातला चार्टर्ड अकाउंटंट, निवृत्त बँक कर्मचारी, कर सल्लागार.

इशारा: ‘घरी सांगू नका, आधी पैसे आल्यावर सरप्राइज द्या’ असे कोणी सुचवले तर त्याच दिवशी घरी सांगा.

## टप्पा १: वायदा वार्षिक टक्क्यांत मांडा

‘महिन्याला पाच टक्के’ हे ऐकायला लहान वाटते. वर्षाला ते ६० टक्के होतात, आणि मिळालेला परतावा दर महिन्याला पुन्हा योजनेत टाकला तर ७९ टक्क्यांच्याही वर जातात. ‘आठवड्याला सहा टक्के’ म्हणजे वर्षाला सरळ हिशेबाने ३१२ टक्के. तेच पैसे योजनेत फिरवत ठेवले तर एका लाखाचे वर्षभरात वीस लाखांहून अधिक व्हायला हवेत. १९२० मध्ये बॉस्टनमध्ये चार्ल्स पॉन्झी ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणत होता. या दराने वर्षभर पैसे फिरवले असते तर १०० डॉलरचे अडीच हजारांहून जास्त डॉलर व्हायला हवे होते. एकदा वर्षाचा आकडा कागदावर लिहिला की पुढे फारसे बोलावे लागत नाही.

आता तुलना करा. ठेवी घेण्याची खास परवानगी असलेल्या बिगरबँकिंग वित्त कंपनीलाही रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वर्षाला १२.५ टक्क्यांहून जास्त व्याज देता येत नाही. कोणी ‘ठेव’ म्हणून १८ टक्के, २४ टक्के ‘फिक्स’ देतो म्हणत असेल तर तो नियमाबाहेर आहे किंवा ते ठेव तरी नाही.

एजंटला एक प्रश्न जरूर विचारा: धंद्यात एवढी कमाई होत असेल तर कंपनी बँकेकडून निम्म्याहून कमी व्याजाने कर्ज का घेत नाही? उत्तर लिहून ठेवा. बहुतेक वेळा ‘साहेबांना सामान्य माणसाला मोठे करायचे आहे’ अशा धर्तीचे उत्तर येते.

इशारा: टक्का कमी आहे म्हणजे योजना सुरक्षित, असे समजू नका. गुंतवणूकदारांना वर्षानुवर्षे फसवणारा अमेरिकेतला बर्नार्ड मॅडॉफ साधारण महिन्याला एक टक्का दाखवायचा. संशय यायला हवा होता तो त्याच्या सातत्यावर. बाजार पडो वा चढो, त्याची रेघ जवळपास सरळच वर जायची. शेअर बाजारात पैसे लावतो म्हणणारा माणूस तोट्याचे महिने दाखवत नसेल तर त्याचे आकडे बाजारातून आलेले नाहीत.

## टप्पा २: हा पैसा येतो कुठून?

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा, आणि लोक नेमका हाच ओलांडून जातात. ‘कंपनी काय करते’ हे त्यांना माहीत असते: शेळीपालन, जमीन, खडे, क्रिप्टो, सर्व्हे. पण त्या कामातून शेवटी पैसे कोण देतो, हे विचारलेले नसते. पुढचे तीन प्रश्न या टप्प्यावर सोडवायचे.

पहिला प्रश्न: एवढा माल जगात आहे का?

पॉन्झीची गोष्ट कागदावर पटण्याजोगी होती. आंतरराष्ट्रीय टपाल कूपन युरोपात स्वस्तात घ्यायचे, अमेरिकेत जास्त किमतीच्या टपाल तिकिटांत बदलायचे आणि मधला फरक खिशात घालायचा. असा फरक खरोखर होता. मग क्लॅरेन्स बॅरन या आर्थिक पत्रकाराने साधा हिशेब मांडला. पॉन्झीने गोळा केलेल्या पैशांना पुरायला सुमारे १६ कोटी कूपने लागली असती. प्रत्यक्षात चलनात होती २७ हजारांच्या आसपास. ‘बॉस्टन पोस्ट’ या वर्तमानपत्राने हे छापले आणि प्रश्न संपायला हवा होता.

हाच हिशेब तुम्हीही करा. कंपनी सांगते तेवढ्या शेळ्या, तेवढी एकरे, तेवढी यंत्रे कुठे आहेत? तिथे जाता येते का? तुमच्या नावची शेळी तीच, की आलेल्या प्रत्येकाला तोच गोठा दाखवतात? पुण्याच्या समृद्ध जीवन कंपनीची शेळ्या-म्हशींवर पैसे घेण्याची योजना सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या सरकारी नियामकाने, २०१३ मध्येच आदेश काढून थांबवायला सांगितली होती. कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली ती डिसेंबर २०१५ मध्ये. मधल्या काळात सेबीचा आदेश संकेतस्थळावर कोणालाही वाचता येत होता. कंपनीचे नाव आणि ‘सेबी आदेश’ हे दोन शब्द एकत्र शोधायला पाच मिनिटे लागतात.

दुसरा प्रश्न: शेवटचा गिऱ्हाईक कोण?

तमिळनाडूत पेरुंदुरईच्या एका कंपनीने शेतकऱ्यांना इमूची पिल्ले दिली, अनामत घेतली आणि पालनाचे दरमहा पैसे देऊ, पक्षी आम्हीच परत घेऊ असे सांगितले. २०१२ मध्ये ते सगळे कोसळले. सात वर्षांनी, २०१९ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरच्या कंपनीचे कडकनाथ कोंबड्यांचे प्रकरण बाहेर आले. पक्षी वेगळा, करार तोच: पिल्ले आमची, अंडी हमीभावाने आम्हीच घेणार. दोन्हीकडे शेतकऱ्याने मेहनत केली, पक्षी खरे होते, अंडी खरी होती. कंपनी मात्र ती अंडी बाजारात कोणाला आणि किती भावाने विकते, हे कोणी तपासले नाही. हमीभाव नव्या शेतकऱ्यांच्या अनामतीतून येत होता.

म्हणून ‘आम्हीच परत घेऊ’ असा करार पुढे आला की कंपनीला बाजूला ठेवा आणि तो माल घेऊन स्वतः बाजारात जा. जवळच्या शहरातल्या तीन व्यापाऱ्यांना भाव विचारा. कंपनी ज्या भावाने घेणार आहे त्याच्या निम्म्यानेही कोणी घ्यायला तयार नसेल तर तो माल फक्त कंपनीच्या कागदावर महाग आहे.

गिऱ्हाईक म्हणून मोठ्या कंपन्यांची नावे सांगितली जात असतील तर त्या कंपन्यांना ईमेल करा. २०११ मध्ये स्पीक एशिया ११ हजार रुपये भरून घेऊन ऑनलाइन सर्व्हे भरण्याचे पैसे देत होती, एका सर्व्हेचे ५०० रुपये. ज्या नामांकित कंपन्यांसाठी हे सर्व्हे चालतात असे सांगितले गेले, त्यांनी आमचा काही संबंध नाही असे जाहीर केले. एखाद्या सभासदाने आधीच विचारले असते तर हेच उत्तर मिळाले असते.

तिसरा प्रश्न: माणसे आणणे थांबवले तर काय होईल?

प्रत्येकाने सहा माणसे आणायची, अशी अट असेल तर कागदावर दर पायरीला सहाने गुणत जा. पहिल्या पायरीला ६, दुसऱ्या पायरीला ३६, तिसऱ्या पायरीला २१६. दहाव्या पायरीला सहा कोटींच्या वर, अकराव्या पायरीला ३६ कोटी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी होती. तुम्ही कितव्या पायरीवर आहात हे एजंटला माहीत नसते, आणि तुम्हाला तर नसतेच. थेट विक्री करणाऱ्या कंपन्यांना २०२१ च्या ग्राहक संरक्षण नियमांनी पिरॅमिड योजना चालवायला मनाई केली आहे. वस्तू नाममात्र असेल आणि कमाई माणसे जोडण्यावर असेल तर ‘आमचा धंदा डायरेक्ट सेलिंगचा आहे’ या उत्तराने समाधान मानू नका.

खातरजमा: पुढे जाण्याआधी वहीत एक वाक्य पूर्ण करा: ‘मला मिळणारा परतावा ______ देतो, कारण त्याला ______ मिळते.’ रिकाम्या जागी ‘कंपनी’ सोडून दुसरे काही लिहिता येत नसेल तर थांबा.

## टप्पा ३: परवानगी कोणाची, आणि कशाची?

लोक दाखले पाहतात, पण ते दाखले कशाचे आहेत ते पाहत नाहीत. कंपनी नोंदणीचा दाखला, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी, आयएसओ प्रमाणपत्र, ट्रेडमार्क, दुकान परवाना: यांपैकी एकानेही लोकांकडून पैसे घेण्याची परवानगी मिळत नाही. कंपनी स्थापन झाली, एवढेच पहिला दाखला सांगतो. या दाखल्यांची फ्रेम करून भिंतीवर लावलेली ओळ दिसली की लोकांना धीर येतो, आणि फ्रेम त्यासाठीच लावलेल्या असतात.

योजना कोणत्या प्रकारची आहे ते आधी ठरवा, मग बरोबर त्याच दारात जा.

१. ठेव असेल तर रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर ठेवी घेण्याची परवानगी असलेल्या वित्त कंपन्यांची यादी पाहा. वित्त कंपनी म्हणून नोंद असणे वेगळे आणि ठेवी घेण्याची परवानगी असणे वेगळे. बहुतेक वित्त कंपन्यांना ती नसते. रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ पोर्टलवर चौकशीही करता येते आणि तक्रारही.

२. शेअर, फंड, सल्ला असेल तर सेबीच्या यादीत नाव आणि क्रमांक दोन्ही जुळतात का पाहा. नोंदणी क्रमांकाची सुरुवात गुंतवणूक सल्लागारासाठी आयएनए, संशोधन विश्लेषकासाठी आयएनएच आणि दलालासाठी आयएनझेड या अक्षरांनी होते. क्रमांक खरा असला तरी तो दुसऱ्याचा उचललेला असू शकतो. म्हणून सेबीच्या यादीत दिलेल्या फोनवर किंवा ईमेलवर संपर्क करा. समोरच्याने दिलेल्या नंबरवर नको.

३. चिट फंड असेल तर १९८२ च्या कायद्याखाली निबंधकाकडे त्या विशिष्ट चिटची नोंद लागते.

४. पतसंस्था किंवा मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी सहकारी संस्था) असेल तर इथे थोडे थांबावे लागेल, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त गफलत इथेच होते. बोलताना लोक तिला ‘बँक’ म्हणतात. काउंटर, पासबुक, शिक्का, सगळे बँकेसारखे असते. पण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालत नाही. राज्यातल्या पतसंस्थेवर सहकार खात्याचे निबंधक असतात आणि मल्टिस्टेटवर दिल्लीतले केंद्रीय निबंधक. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्या ठेवीलाही, व्याजासकट पाच लाखांपर्यंत ठेव विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. विम्याची मर्यादाही तेव्हा एकच लाख होती, ती फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाली. जळगावची बीएचआर किंवा बीडची ज्ञानराधा या मल्टिस्टेटच्या ठेवीदारांना असे कोणतेच छत्र नव्हते. बाहेरच्या माणसाला अर्जाबरोबरच ‘नाममात्र सभासद’ करून ठेव घेतली जात असेल तर तो धोक्याचा बावटा समजा. अशा प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने लोकांना सावध केलेले आहे.

५. यांपैकी काहीच नसेल आणि तरीही पैसे घेऊन ठरलेल्या मुदतीत वाढवून देण्याचा वायदा असेल, तर तो अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ च्या कक्षेत येण्याची दाट शक्यता आहे.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थापनेची तारीख, भरणा भांडवल आणि संचालक दिसतात. ‘पंचवीस वर्षांचा अनुभव’ सांगणारी कंपनी दीड वर्षापूर्वी एक लाखाच्या भांडवलावर स्थापन झालेली निघते, हे अजिबात दुर्मीळ नाही.

इशारा: शोरूम म्हणजे परवानगी नव्हे. मुंबईत दादरला टोरेसचे दुकान भर रस्त्यावर, झगमगाटात चालू होते. लोकांना मॉइसनाइटचा खडा, म्हणजे प्रयोगशाळेत तयार होणारा दगड, आणि दर आठवड्याला परताव्याचा वायदा मिळत होता. जानेवारी २०२५ मध्ये दुकान बंद झाले आणि त्याच फुटपाथवर गर्दी जमली. त्या गर्दीत आसपासचे भाजीविक्रेतेही होते. रोज समोरून येता-जाता पाहिलेल्या दुकानावर माणूस विश्वास ठेवतो, आणि एवढे मोठे भाडे त्याचसाठी भरलेले असते.

## टप्पा ४: पैसा कोणाच्या खात्यात, मालमत्ता कोणाच्या ताब्यात?

परवानगी असली तरी हा टप्पा सोडायचा नाही. मॅडॉफ नोंदणीकृत होता, बाजारात त्याचा मान होता, तरी त्याचे गुंतवणूक सल्ल्याचे सगळे काम खोटे होते. ते टिकले याचे कारण असे की व्यवहार करणारा, शेअर सांभाळणारा आणि ग्राहकाला विवरण पाठवणारा तोच होता. एवढ्या मोठ्या पसाऱ्याचा हिशेब तपासायला एका छोट्या कार्यालयातला एक लेखापाल होता. हॅरी मार्कोपोलोस नावाचा विश्लेषक २००० सालापासून अमेरिकेच्या बाजार नियामकाला, एसईसीला, लेखी कळवत होता. २००६ मध्ये तपास अधिकाऱ्यांनी मॅडॉफकडून शेअर जिथे जमा असतात त्या केंद्रीय संस्थेतला खाते क्रमांक घेतला. आता आपण सापडलो, असे मॅडॉफला वाटले. पण त्या संस्थेला कोणी फोनच केला नाही. तो पकडला गेला डिसेंबर २००८ मध्ये, ग्राहकांच्या विवरणांवर जवळपास ६५ अब्ज डॉलर दिसत असताना.

तो फोन तुम्ही करायचा आहे. भारतात शेअर एनएसडीएल किंवा सीडीएसएल या डिपॉझिटरींमध्ये, म्हणजे शेअर सांभाळणाऱ्या केंद्रीय संस्थांमध्ये, असतात. तिथे तुमच्या पॅनवर स्वतः लॉगिन करा, किंवा ईमेलवर येणारे एकत्रित विवरण उघडा. एखाद्या अ‍ॅपमध्ये दहा लाखांचे शेअर दिसतात आणि डिपॉझिटरीच्या विवरणात काहीच नाही, तर ते शेअर अस्तित्वातच नाहीत. सध्या व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामच्या गटांतून जी बनावट ट्रेडिंग अ‍ॅप पसरवली जातात, त्यांच्यावर हा सर्वांत जलद उपाय आहे. अ‍ॅपवरचा नफा म्हणजे कोणीतरी टाइप केलेला आकडा असतो.

पैसे भरताना खात्याचे नाव वाचा. कंपनीचे नाव एक आणि खाते ‘अमुक ट्रेडर्स’ किंवा एखाद्या व्यक्तीच्या नावाचे, असे असेल तर व्यवहार तिथेच सोडा. एनईएफटी किंवा आरटीजीएस करताना खातेदाराचे नाव आधीच दिसण्याची सोय आता बँकांनी दिली आहे, ती वापरा. दर वेळी नवे खाते दिले जात असेल तर ती खाती भाड्याने घेतलेली असतात.

इशारा: पैसे काढायला गेल्यावर ‘आधी २० टक्के कर भरा’, ‘खाते अनलॉक करायला शुल्क भरा’ असे सांगितले तर एक रुपयाही देऊ नका. कर कापायचा असेल तर तो देय रकमेतून कापला जातो. त्यासाठी तुमच्याकडून वेगळे पैसे कोणी मागत नाही.

## टप्पा ५: कागद हातात घेऊन वाचा

पावतीवरचे ‘कारण’ वाचा. तोंडाने ‘ठेव’ म्हणतात आणि पावतीवर ‘शेळी खरेदीसाठी आगाऊ’, ‘सभासद वर्गणी’, ‘प्लॉट बुकिंग’, ‘हातउसने’ असे छापलेले असते. पुढे वाद झाला की हीच ओळ तुमच्यासमोर धरली जाते. कराराच्या नमुन्यात परताव्याच्या शेजारी ‘अंदाजे’, ‘कंपनीच्या निर्णयानुसार’ असे शब्द आहेत का, तेही बघा. करारात कंपनीचा पूर्ण पत्ता, सही करणाऱ्याचे नाव आणि पद नसेल तर तो करार नव्हे, रंगवलेला कागद आहे.

पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केले म्हणून योजना खरी ठरत नाही. नोटरी सही कोणी केली ते नोंदवतो. परताव्याची हमी घेत नाही.

पुढच्या तारखेचे चेक हे तर आपल्याकडचे सर्वांत लाडके तारण. चेक वटला नाही तर चेकसंबंधीच्या कायद्याच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट) कलम १३८ चा मार्ग आहे, पण त्याच्या मुदती कडक आहेत: बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर महिन्याभरात न्यायालयात तक्रार. ‘थांबा, पुढच्या आठवड्यात देतो’ म्हणत एजंट नेमके हे दिवस काढतो. शिवाय चेक छापलेल्या तारखेपासून तीन महिनेच चालतो.

रोख देऊ नका. वीस हजार किंवा त्याहून मोठी ठेव रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे. ती घेणारा माणूस स्वतःच नियम मोडून तुमच्याशी ओळख करून देत असतो.

## टप्पा ६: आता विचारा, पैसे मिळाले का?

हा प्रश्न शेवटी का, ते एका लाखाच्या हिशेबावरून कळेल. तुम्ही एक लाख दिले, महिन्याला पाच टक्के म्हणजे पाच हजार मिळू लागले. पहिल्या महिन्यापासून विसाव्या महिन्यापर्यंत जे काही येते ते तुमचेच एक लाख आहेत. कंपनीने एक पैसाही कमावला नसेल तरी ती वीस महिने न चुकता ‘परतावा’ देऊ शकते. सहाव्या महिन्यात तुमच्या हातात तीस हजार आलेले असतात, तुम्ही खूश होऊन आणखी तीन लाख टाकता, मेव्हण्याला आणता. त्याच्या पैशातून एजंटचे कमिशनही निघते. म्हणून ‘सहा महिने नियमित आले’ हा पुरावा नाही. वीस महिन्यांच्या पुढेही तो पुरावा होत नाही, कारण तोवर नव्यांचे मुद्दल आलेले असते.

थोडी रक्कम काढून पाहणे हीसुद्धा चाचणी नव्हे. बनावट अ‍ॅपवाले पहिले पाच-दहा हजार आनंदाने परत करतात. जुलै १९२० मध्ये बातम्या आल्यावर पॉन्झीच्या दारात रांग लागली, तेव्हा त्याने रांगेतल्या लोकांना पैसे दिले. ते पाहून काही जण रांग सोडून निघून गेले. पुढच्याच महिन्यात, ऑगस्टमध्ये, त्याला अटक झाली.

विचारायचे असेल तर असे विचारा: मुद्दल संपूर्ण काढून घेऊन योजनेतून बाहेर पडलेला आणि पुन्हा पैसे न टाकलेला कोणी आहे का? बाहेर पडायला गेल्यावर त्याला काय सांगितले गेले? मुदतीआधी पैसे मागितले तर करारानुसार किती दिवसांत मिळतात? सभेत व्यासपीठावर चेक घेणारे लोक या मोजणीत धरू नका.

## टप्पा ७: पैसे आधीच गेले असतील तर

इथेही क्रम चुकतो. लोक आधी एजंटकडे जातात, मग कंपनीत, मग व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पीडितांचा गट’ काढतात आणि पोलिसांकडे सगळ्यांत शेवटी. ‘तक्रार केली तर पैसे अडकतील’ ही भीती कंपनीच पसरवते. प्रत्यक्षात उशीर झाला की मालमत्ता विकली जाते आणि खाती रिकामी होतात.

१. ऑनलाइन फसवणूक असेल तर लगेच, त्याच तासात, १९३० वर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पुढच्या खात्यात पैसे गोठवता आले तर ते सुरुवातीच्या काही तासांतच. व्यवहार क्रमांक, वेळ, समोरचे खाते किंवा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. आपल्या बँकेलाही त्याच वेळी कळवा.

२. नवे पैसे टाकणे आणि नवी माणसे आणणे त्या क्षणी थांबवा. तुम्ही स्वतः एजंट असाल तर हे दुप्पट महत्त्वाचे. अनियंत्रित ठेव योजनेचा प्रचार करणे हाही २०१९ च्या कायद्याने गुन्हा आहे. संशय आल्यानंतर घेतलेला प्रत्येक हप्ता तुमच्यावरच येऊ शकतो.

३. गट सोडण्याआधी पुरावा जमवा. चॅट निर्यात करा, सभेचे फोटो, एजंटचे संदेश, बँक विवरण, पावत्या, करार एका फाइलमध्ये तारखेच्या क्रमाने लावा. अ‍ॅप काढून टाकू नका, त्याचे स्क्रीनशॉट घ्या. कार्यालय बंद व्हायच्या आधी गट रिकामे होतात आणि संदेश पुसले जातात.

४. ठेवीसारखी योजना असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा आर्थिक गुन्हे शाखेकडे लेखी तक्रार द्या आणि महाराष्ट्र ठेवीदार हितसंबंध संरक्षण कायदा, १९९९, म्हणजे एमपीआयडी, याखाली कारवाई मागा. या कायद्याने संस्थेची आणि प्रवर्तकांची मालमत्ता जप्त करता येते आणि तिच्यातून ठेवीदारांना पैसे देता येतात. तक्रारीत गोष्ट सांगू नका, तारखा सांगा: कोणत्या दिवशी, कोणाला, किती, कोणत्या खात्यात, कोणता वायदा. पोच घेतल्याशिवाय निघू नका.

५. ‘जुने प्रमाणपत्र द्या, नव्या योजनेत बदलून देतो’ याला नकार द्या. मुद्दल आणि व्याज मिळून नवी पावती दिली की जुना पुरावा त्यांच्याकडे जातो आणि मुदत आणखी दोन वर्षे पुढे.

इशारा: बुडालेले पैसे काढून देतो म्हणणारे लोक काही आठवड्यांतच फोन करतात. वकील, ‘सेबीचे अधिकारी’, ‘सायबर तज्ज्ञ’ अशी ओळख सांगतात आणि आधी शुल्क मागतात. तुमचे नाव आणि रक्कम त्यांना कुठून कळली याचा विचार करा. बुडालेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात.

मूळ कागद शेवटपर्यंत हातचे सोडू नका. पीएसीएल म्हणजे पर्ल्सच्या जमीन योजनेत सेबीने ऑगस्ट २०१४ मध्ये ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून २०१६ मध्ये निवृत्त सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि परतफेड लहान रकमांपासून टप्प्याटप्प्याने झाली. समितीने लोकांना वारंवार बजावले की आम्ही मागेपर्यंत मूळ प्रमाणपत्र कोणालाही देऊ नका. तरीही बऱ्याच जणांनी ती आधीच एजंटकडे ‘नूतनीकरणासाठी’ दिलेली होती. म्हणून पावती, प्रमाणपत्र, करार या सगळ्यांचे दोन्ही बाजूंचे स्कॅन आजच करून ठेवा. मूळ प्रत न्यायालय, पोलीस किंवा अधिकृत समितीनेच मागितली तर द्या, तीही सही-शिक्क्याची पोच घेऊन. पोचवर प्रमाणपत्राचा क्रमांक लिहून घ्या.